उघड्या चाकाला उघडा हात

नोकरीच्या मुलाखतीत दादूसनी मला एकच प्रश्न विचारला. हाताला घाम येतो का?

मी नाही म्हटलं. हे अर्धं खरं होतं. एरवी येत नाही, पण टेन्शन आलं की येतो, आणि मुलाखतीत येतोच येतो. म्हणून मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून बसले होते. दादूस म्हणाले, "दाखव." मी ओढणीला पुसत पुसत हात पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले, नखं बघितली, अंगठी आहे का विचारलं. शिक्षण, अनुभव, पत्ता यातलं काहीही त्यांना नको होतं. पर्समध्ये पडून असलेला बायोडेटाचा कागद मी दिला तो त्यांनी चहाच्या ग्लासाखाली ठेवला आणि म्हणाले, "बस त्या टेबलावर. फोन वाजला का उचल."

गाळा महाप्याला होता, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत. समोर आयटी पार्कच्या काचा. त्या काचांमागे मी तीन वर्षं डेटा एन्ट्री केली होती. एके दिवशी कंपनीने आमचा सगळा विभागच बंद केला. मी चहा प्यायला म्हणून खाली उतरले आणि चालत चालत या गल्लीत शिरले. एका गाळ्यासमोर दोरीवर पांढऱ्या सुती हातमोज्यांच्या पंधरा-वीस जोड्या वाळत होत्या. मला वाटलं, बँडवाल्यांचा गाळा दिसतोय. दाराला पुठ्ठा लटकत होता: 'ऑफिसला माणूस पाहिजे. विंग्रजी बोलणारा.' बँडवाल्यांना इंग्रजी कशाला लागतं एवढंच बघायला मी आत गेले होते.

बँड नव्हता. तिथे गाड्यांची गंजलेली अलॉय चाकं पुन्हा नवी करून मिळत. अलॉयचं चाक लोखंडासारखं लाल गंजत नाही, ते पांढरं पडतं. आधी वरच्या पारदर्शक थराखाली एक फोड येतो. मग त्या फोडातून पांढऱ्या दोऱ्या निघतात आणि थराखालून सरपटत जातात. थर वरून शाबूत दिसतो आणि आत सगळं भुसभुशीत झालेलं असतं. नवी मुंबईत हा रोग फार. एकीकडे खाडी, बारा महिने हवेत ओल आणि मीठ, त्यात प्रत्येक सोसायटीच्या गेटाला उंच फुटपाथ, ज्याला घासल्याशिवाय कोणालाच गाडी वळवता येत नाही. एकदा घासली की त्या ओरखड्यातून खाडी आत शिरते. हे शेवटचं वाक्य दादूसचं आहे.

घरी सांगितलं तेव्हा आप्पा कांद्याच्या पोत्यांची फोलपटं डोक्यातून झटकत होते. ते एपीएमसी मार्केटात माथाडी. "चाकं धुवायला बीकॉम केलंस व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, धुवायची नाहीत, फोन उचलायचाय. त्यावर ते म्हणाले, "मग ठीक हाय. फोन हलका असतो."

दादूस उरणकडचे, आगरी. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. साठीच्या पुढचा माणूस, उंचीला कमी, पण पंजे एवढे मोठे की हातमोजे खास शिवून घ्यावे लागत. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना दादूसच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ते मला 'बाय' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला शेवटपर्यंत खात्री नाही.

गाडी दारात आली की ते आधी चाकापाशी उकिडवे बसत. बोटाने आऱ्यावरची धूळ टिपत आणि ते बोट जिभेला लावत. मग थोडा वेळ डोळे मिटून बसत आणि जाहीर करत, "वाशी. खाडीकडला." किंवा "नेरूळ. डोंगराच्या अंगाला." गिऱ्हाईक थक्क होई. मीही चार महिने थक्क होत होते. मग माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक गाडीच्या काचेवर सोसायटीचं स्टिकर असतं. मी त्यांना तसं म्हटलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. "स्टिकर बगूनच चाटतो गो," म्हणाले. "पत्ता स्टिकर सांगतो. मीठ किती खाल्लंय ते चाकच सांगतं."

त्या चवीवरून ते ठरवत की कुठल्या चाकाला काय द्यायचं. गिऱ्हाइकाच्या आवडीचा त्यात प्रश्न नव्हता. बहुतेकांना डायमंड कट हवा असे, म्हणजे चाकाचा दर्शनी भाग मशीनवर सोलून आरशासारखा चकचकीत करायचा आणि वर नुसता पारदर्शक थर द्यायचा. दिसायला फारच देखणं. दादूस त्याला 'उघडं बसवलेलं चाक' म्हणत. पारसिक डोंगराच्या बाजूला राहणाऱ्याला एखादवेळी ते डायमंड कट करून देत, तेही नाक मुरडून. पाम बीच रोडच्या खाडीकडल्या अंगाला राहणारा कितीही मोठा माणूस असो, त्याला मिळत नसे. एका गिऱ्हाइकाने फारच आग्रह धरला तेव्हा त्याला म्हणाले, "आदी घर बदला, मंग या."

स्प्रेने मारलेल्या रंगाचाही त्यांना राग. "रंग लावायचा नसतो, शिजवायचा असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. चाकाचा जुना रंग रसायनात उतरवायचा, बारीक वाळूच्या माऱ्याने ते खरवडून धातू उघडा करायचा, भेगा तपासायच्या, धुवायचं, भट्टीत तापवून त्याच्या पोटात दडलेला वायू बाहेर काढायचा, थंड करायचं. मग पावडरचं अस्तर, रंगाची पावडर, पारदर्शक पावडर, आणि प्रत्येक थरानंतर पुन्हा भट्टी. रंग कोणता याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं. मॅट काळा मागितला तर विचारत, "गाडी कोन धुतो? वॉचमन? कशानं धुतो?" सोसायटीत टाइल्स धुवायचं ॲसिड चाकांना मारतात हे त्यांना ठाऊक होतं. ॲसिडवाल्या वॉचमनच्या सोसायटीला साधा चंदेरी रंग, तोही दोन पारदर्शक थरांखाली. एकदा ते एका वॉचमनला भेटायला सानपाड्याला गेले आणि त्याला शाम्पूची बाटली देऊन आले.

गॅरंटी तोंडी असे. "मी जिता हाय तवर." एका गिऱ्हाइकाने ती लेखी मागितली. मी लेटरहेडवर टाइप केलं, 'मालक हयात असेपर्यंत.' त्याने ते वाचलं, दादूसकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वय विचारलं. दादूसनी सांगितलं. त्याने शांतपणे किल्ली उचलली आणि निघून गेला. दादूस म्हणाले, "हिशेबी मानूस हाय. त्याची चाकं टिकतील."

पण त्यांचं एकही चाक कधी परत आलं नव्हतं, हे मात्र खरं होतं. आणि त्याचं कारण भट्टीच्या वरच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: 'उघड्या चाकाला उघडा हात लावणारा घरी.'

उघडं चाक म्हणजे थंड होऊन अस्तराची वाट बघत बसलेलं. त्याला नुसता हात लागला तरी हाताचा घाम त्यावर बसतो. दिसत नाही. वर तीन थर शिजतात, चाक दिमाखात जातं, आणि वर्ष-दीड वर्षाने त्या घामातल्या मिठाला पालवी फुटते. म्हणून गाळ्यात सगळ्यांनी हातमोजे घालायचे. मीसुद्धा, टेबलावरून भट्टीपर्यंत जायचं असेल तर. दर शनिवारी दादूस ते सगळे हातमोजे स्वतः धूत, कारण दुसरा कोणी साबण नीट काढील यावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या नियमाखाली गेलेला पहिला माणूस म्हणजे त्यांचा जावई. तो गाळ्यात भागीदार म्हणून आला होता. दुसऱ्या आठवड्यात त्याने उघडं चाक हातात घेऊन गिऱ्हाइकाला दाखवलं. दादूसनी भिंतीकडे बोट केलं आणि त्याचा डबा त्याच्या हातात दिला. लेक दोन दिवाळ्या माहेरी आली नाही. हे सगळं मला बाळूने सांगितलं. बाळू म्हणजे वाळूचा मारा करणारा आमचा कारागीर, पंचेचाळिशीचा, अबोल. मी दादूसना एकदा विचारलं, की जावई होता, एकदा माफ करायचं ना. ते म्हणाले, "जावई हाय म्हनून घामात मीठ कमी असतं काय?"

मला ती नोकरी आवडायला लागली होती हे आता सांगायला हवं. काचांमागे तीन वर्षं मी जे टाइप केलं त्याचं पुढे काय झालं हे मला कधीच कळलं नाही. इथे सकाळी आलेलं कुष्ठ झालेलं चाक चौथ्या दिवशी स्वच्छ होऊन दारातून बाहेर जाई आणि मला त्याचा आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू, मी कधीकधी त्यांना टाटासुद्धा केला आहे. त्या गाळ्यातून आपल्याला कोणी घालवू नये एवढंच मला त्या दिवसांत वाटे.

अशात उरणजवळच्या मोरा बंदरातून मावशी आली.

सगळे तिला मावशीच म्हणत; कोळीण, मासळीची मोठी व्यापारी. तिची पांढरी मोठी गाडी रोज मासळीच्या पेट्या वाहायची आणि पेट्यांतलं खारं पाणी मागच्या दारातून चाकांवर गळायचं. तिची चाकं आणली तेव्हा दादूस पहिल्यांदाच चाकासमोर दोन्ही गुडघे टेकून बसले. त्यांनी बोट लावलं, जिभेला लावलं, म्हणाले, "मोरा. समुंदराचा मीठ."

मावशीने पदर खोचला, खाली बसली, स्वतः बोट लावलं आणि चाखलं. "समुंदराचा नाय रं. बरफाचा हाय," म्हणाली. "पेटीत बरफावर मीठ मारतो आमी, तो हा."

दादूसनी पुन्हा चाखलं. "हां," म्हणाले. "बरफाचा."

चाक चाटून बघणारं ते पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्या मनात तिच्याबद्दल जो आदर बसला तो मी दुसऱ्या कोणाबद्दल बघितला नाही. तरी डायमंड कट त्यांनी तिलाही दिला नाही. ती म्हणत होती, "चाकात माजा तोंड दिसला पायजे." हे म्हणत होते, "तोंड बगाला आरसा घे." तासभर दोघांचं चाललं. शेवटी जाड अस्तर, चंदेरी रंग, दोन पारदर्शक थर असं ठरलं. मी तिच्यासाठी चहा मागवला तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, "काय नाजूक हात गो तुजा. मासली कापली नाय वाटतं कदी." मी म्हटलं, आमच्याकडे आई कापते.

तिची चार चाकं भट्टीतून निघून थंड होऊन स्टँडवर उभी होती. बाळू चहाला गेला होता, दादूस आत पावडर चाळत होते. मी फोनवर बोलत बोलत तिकडून चालले होते. हातमोजा काढलेला होता, कारण हातमोजा घालून फोनवर बोट चालत नाही. बोलणारं गिऱ्हाईक भांडत होतं, त्यामुळे हात घामेजलेला. माझी ओढणी स्टँडला अडकली आणि चौथं चाक कलंडलं. मी ते पकडलं. रुंद सपाट आऱ्यावर उजवा पंजा पुरता, पाचही बोटांसकट. मग अलगद पुन्हा उभं केलं.

चाक पडलं असतं तर काही बिघडलं नसतं, चेंबलं असतं तर बाळूने नीट केलं असतं. आणि पकडल्यावर नुसतं सांगितलं असतं, तर पुन्हा वाळू मारून अर्ध्या तासात काम झालं असतं. मी भिंतीकडे बघितलं. टेबल पुसायच्या फडक्याने चाक पुसलं आणि फोनवरच्या माणसाला म्हटलं, "हां सर, बोला." तेवढ्यात दादूस पावडरची बंदूक घेऊन बाहेर आले आणि अस्तर मारायला लागले. मी बघत उभी राहिले. माझा हात राखाडी पावडरखाली गेला, मग चंदेरीखाली, मग दोन थरांखाली. चाक इतकं सुंदर झालं होतं की दादूसनी त्याच्यासमोर बसून एक बिडी ओढली.

त्यानंतर एक सबंध वर्ष माझा हात मोरा ते वाशी रोज ये-जा करत होता.

सुरुवातीला मी पांढरी गाडी दिसली की दचकायची. मग पावसाळा आला, गेला, काही झालं नाही. फडक्याने निघालं असेल, असं मी स्वतःला सांगू लागले. दादूसनी मला चाकाच्या भेगा तपासायला शिकवलं, मग भट्टीचं तापमान बघायला. मला एक स्वतंत्र हातमोज्यांची जोडी मिळाली, लहान मापाची, तिच्यावर त्यांनी निळ्या दोऱ्याने खूण केली होती. तो हातमोजा घालताना मला दर वेळी लाज वाटायची. सांगून टाकावं असं दर सोमवारी ठरवायचे.

दिवाळीनंतर एके दुपारी पांढरी गाडी दारात येऊन थांबली. मावशी उतरली ती तक्रार करायला नव्हे, पेढे घेऊन. मागचं डावं चाक हळदीकुंकवाने माखलेलं होतं. व्हॉल्व्हला झेंडूचं फूल खोचलेलं.

"दादूस," ती म्हणाली, "आय आयली माज्या चाकात."

दादूस उकिडवे बसले. मी टेबलामागून हलले नाही, मला तिथूनच दिसत होतं. पारदर्शक थराखाली पांढऱ्या बारीक दोऱ्यांनी एक हात उमटला होता. तळवा, चार बोटं, जरा बाजूला अंगठा. इतका स्पष्ट, की करंगळी किंचित वाकडी होती तीही दिसत होती. माझी करंगळी किंचित वाकडी आहे.

"तीन म्हयनं झालं," मावशी सांगत होती. "आदी बोटा आली, मंग पंजा. देवीचा हात हाय. धंदा बग काय चाललाय माजा! आजूबाजूच्या बाया दर्शनाला येतात. आता बाकीच्या तीन चाकांव पन काडून दे."

दादूसनी अंगठ्याने हळदीकुंकू बाजूला केलं.  त्यांचा चेहरा उतरला.

"गंज हाय," ते म्हणाले.

"गंज तुजा तोंड! एवडा सुरेख गंज असतो?"

"हात लागलाय. उघड्या चाकाला."

 मावशी अडाणी नव्हती, वीस-वीस माणसं कामाला ठेवणारी बाई होती. "कोनाचा?" तिने विचारलं. मग तिने चाकाकडे बघितलं, आणि सावकाश माझ्याकडे. बाळूने माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. गाळ्यात बाईमाणूस मी एकटी होते. मी दोन्ही हात टेबलाखाली धरले होते आणि त्यांना घाम फुटला होता.

दादूसनी हातमोजा काढला आणि आपला पंजा त्या हातावर ठेवला. खालचा हात पूर्ण झाकला गेला, चहूबाजूंनी दादूसचा हात बोटभर बाहेर उरला.

"माजा हाय," ते म्हणाले.

"तुजा?" मावशी म्हणाली. "आरं, तुजा पंजा वल्ह्याएवडा!"

"तवा बारीक व्हता."

 मी उठून उभी राहिले. तोंड उघडलं. दादूसनी माझ्याकडे न बघता बाळूला सांगितलं, "भट्टी लाव. हा चाक उतरव, सगला खरवड, पयल्यापासून कर. फुकट." मग मावशीकडे वळून म्हणाले, "देवी तुज्या घरी हाय. चाकात ठेवू नको, चिखल उडतो." मावशीने आधी त्या हाताचा फोटो काढला, मग नमस्कार केला आणि मगच चाक उतरवू दिलं. पेढे आम्हाला वाटले. मी माझा पेढा खाल्ला नाही.

ती गेल्यावर दादूसनी दोन्ही हातमोजे घडी करून खुर्चीवर ठेवले. पिशवी उचलली. साडेतीन वाजले होते, गाळा सहाला बंद व्हायचा.

"दादूस, कुठे चाललात?" बाळूने विचारलं.

दादूसनी भिंतीकडे बोट केलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाळू चाकं खरवडत होता, मी भट्टी बघत होते, पावडर मारायला शेजारच्या कारखान्यातला एक ओळखीचा माणूस दुपारचा येत होता. गिऱ्हाइकं विचारत, चाटणारे काका कुठे आहेत? मी फोन केला की वहिनी, म्हणजे दादूसची बायको, उचलायच्या आणि म्हणायच्या, "ते नाय बोलनार. मालकांना कामावरून काढलाय." बाळू अकराव्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी त्या विषयावर बोलला. म्हणाला, "माझं काय नाय म्हणणं. पण मला आता हाताचं माप कळतं." आणि पुन्हा वाळू मारायला लागला.

रविवारी मी उरणची बस धरली. माझी तयारी अशी होती, की माफी मागायची, त्यांना परत या म्हणायचं आणि जमलं तर आपलीही जागा राखायची. बसमध्ये मी वाक्यंसुद्धा पाठ केली होती.

दारातच वहिनी भेटल्या. "बरी आयलीस बाय," त्या म्हणाल्या. "यांना घेऊन जा. घरातला एक गज शिल्लक नाय ठेवला यांनी. दोन आठवडं खिडक्या खरवडतायत. काल शेजारच्यांच्या गेटाला हात घातला, ते बिचारे भांडाया आले." मागच्या पडवीत दादूस सज्जाची जाळी घासत बसले होते. हातात घरगुती कापडाचे, वहिनींनी शिवलेले हातमोजे. त्यांनी मला बघितलं आणि सगळ्यात आधी विचारलं, "भट्टी किती ठेवली?"

मी तापमान सांगितलं.

"पाच कमी कर. जास्ती तापली का पावडर पिवली पडंल." मग जरा थांबून, "अस्तर कोन मारतो?"

मी सांगितलं. ते जाळीवर जरा जास्त जोराने घासायला लागले. त्यांच्या हातात दुसरं काहीच उरलं नव्हतं, ही गोष्ट मला त्या घासण्यातून कळली. आणि हा माणूस माझ्यामुळे इथे बसलाय, हेही. बसमध्ये पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

वहिनींनी जेवायला वाढलं. भाकरी, कोलंबीचं कालवण, तळलेलं बोंबील. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "दादूस, मला काहीतरी सांगायचंय."

"नको सांगू."

"पण..."

"बाय," ते म्हणाले, "हात माजा हाय असं मी बोललो. मोऱ्याच्या बाईसमोर बोललो. आता तू काय बोललीस का मला पाटी वाचावी लागंल. तू भट्टी शिकली हायस. तुज्यासारकी भट्टी बालूला पन जमत नाय. गप जेव. मी बसतो हितं. खिडक्या हायत."

खिडक्या संपल्या होत्या. मला समोर दिसत होतं. म्हणजे गप्प बसायची मला मुभा होती. जागाही राहिली असती, निळ्या दोऱ्याची जोडीही, आणि त्याबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नसतं. मी कोलंबी सोलत राहिले. मग सोलणं थांबवलं.

"तो हात माझा होता," मी म्हटलं. "चाक कलंडलं म्हणून धरलं. फोनसाठी हातमोजा काढला होता. मी सांगितलं नाही, फडक्याने पुसलं."

आत वहिनींच्या हातातली भाकरी थापायची थांबली.   दादूसनी आपल्या ताटातला सगळ्यात मोठा बोंबील उचलला आणि माझ्या ताटात ठेवला.

"उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले.

मी मान हलवली. बोंबील खाल्ला. फार छान झाला होता.

हात धुवायला उठताना त्यांनी आतल्या दिशेला हाक मारली. आवाज एवढा मोठा, की शेजारच्या गेटपर्यंत गेला असेल.

"आगो, आयकतंस काय? उद्या मला सकाली सा वाजता उठव! गाल्याव जायाचाय!"